कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात इअरफोनचा दुहेरी धोका

सप्टेंबर २०२३ मध्ये तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यात, पापनाशम परिसरातील एका गावात मोबाईल फोनचा स्फोट होऊन एका महिलेचा मृत्यू झाला. फोन चार्जिंगला लावलेला असताना त्यावर हेडफोनद्वारे संभाषण सुरू होते, असे त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या वृत्तांत नमूद करण्यात आले होते. ही बातमी देशभरातील वृत्तपत्रांत व वाहिन्यांवर झळकली. 'हेडफोन जीवघेणा ठरला' असा निष्कर्षही त्यावरून अनेकांनी काढला.

हा निष्कर्ष घाईचा होता. अशा घटनांत पेट घेते ती फोनमधील लिथियम बॅटरी. खराब झालेली किंवा हलक्या प्रतीची बॅटरी, बेताचा चार्जर, बंदिस्त जागेत साठलेली उष्णता ही त्यामागची नेहमीची कारणे असतात. हेडफोन लावलेला असल्यामुळे फोन डोक्याजवळ किंवा अंगाजवळ राहतो, एवढाच त्याचा संबंध. चार्जिंग सुरू असताना फोनवर बोलू नये, हा सल्ला त्यामुळे योग्यच आहे. परंतु कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील तरुणांना इअरफोनपासून जो खरा धोका आहे तो स्फोटाचा नव्हे. तो एकीकडे रुळांवर व रस्त्यावर आहे आणि दुसरीकडे कानाच्या आत. पहिल्याची बातमी होते, दुसऱ्याची होत नाही. या दोहोंवरचे उपाय एकमेकांच्या विरोधात जातात, ही या प्रश्नातील मुख्य अडचण आहे आणि तिची चर्चा फारशी होत नाही.

तंजावर म्हटले की मराठी वाचकाला व्यंकोजीराजे, सरफोजीराजे आणि सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवरचा भोसले घराण्याचा मराठी शिलालेखही आठवतो. आजचा तंजावर जिल्हा व त्याला लागून असलेले तिरुवारूर, नागपट्टिनम आणि मयिलाडुतुरै हे जिल्हे मिळून भातशेतीचा सलग पट्टा तयार होतो. मेट्टूर धरणाचे दरवाजे प्रथेप्रमाणे १२ जूनला उघडतात आणि त्यानंतर कुरुवै, सांबा व थालडी या हंगामांच्या चक्रात येथील गावांचे वर्ष फिरते. पाटाच्या कडेने एकमेकांना चिकटून वसलेली गावे, अरुंद रस्ते, बांधावरच्या पायवाटा आणि भातखाचरांच्या मधून गेलेले लोहमार्ग असे येथील चित्र आहे. येथील तरुण शिक्षणासाठी तंजावर, कुंभकोणम वा मन्नारगुडीला बसने जातात. कामासाठी ते तिरुप्पूर, चेन्नई, सिंगापूर आणि आखाती देश गाठतात.

या तरुणांच्या कानात इअरफोन आले ते मुख्यतः गेल्या दशकात. २०१६ नंतर मोबाईलवरील इंटरनेट कमालीचे स्वस्त झाले. करोनाच्या साथीत तमिळनाडूतील शाळा मार्च २०२० मध्ये बंद झाल्या. नववी ते बारावीचे वर्ग नियमितपणे सुरू झाले ते सप्टेंबर २०२१ मध्ये आणि पहिली ते आठवीचे नोव्हेंबर २०२१ मध्ये. एकाच खोलीत दोन-तीन भावंडांचे वर्ग चालायचे तर प्रत्येकाच्या कानात इअरफोन असणे भागच होते. शाळा उघडल्या, पण सवय राहिली.

रुळांवरील धोका

इअरफोन आणि रेल्वे यांचा संबंध भारतात ठळकपणे पुढे आला तो उत्तर प्रदेशातील दोन अपघातांमुळे. जुलै २०१६ मध्ये भदोही जिल्ह्यात आणि २६ एप्रिल २०१८ रोजी कुशीनगर जिल्ह्यात मानवरहित फाटकावर शाळेच्या गाडीला रेल्वेने धडक दिली. कुशीनगर येथे १३ मुले मृत्युमुखी पडली. दोन्ही वेळा चालकाच्या कानात इअरफोन होते, असे प्राथमिक माहितीत सांगण्यात आले. त्यानंतर रेल्वेने मानवरहित फाटके बंद करण्याच्या कामाला गती दिली. जानेवारी २०१९ अखेर ब्रॉडगेज मार्गांवर असे एकही फाटक उरले नाही.

फाटकाचा प्रश्न सुटला, तरी गावकऱ्याच्या पायवाटेचा सुटला नाही. तंजावर, कुंभकोणम, मयिलाडुतुरै व विळुप्पुरम या मार्गावर वस्ती एका बाजूला आणि शेत किंवा बसथांबा दुसऱ्या बाजूला, अशी स्थिती अनेक ठिकाणी आहे. फाटकापर्यंत वळसा घालण्यापेक्षा रूळ ओलांडणे सोपे वाटते. १९८९ च्या रेल्वे कायद्यातील कलम १४७ नुसार हा गुन्हा असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद व एक हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली वाट कायद्याच्या कलमाने बुजत नाही.

या मार्गाच्या बाबतीत आणखी एक बदल लक्षात घ्यावा लागेल. मीटरगेजच्या काळात आणि त्यानंतर डिझेल इंजिनांच्या काळात गाडी येत असल्याची सूचना दुरूनच मिळत असे. गावातील वृद्ध माणसे इंजिनाच्या आवाजावरून गाडी ओळखत. आता हा मार्ग ब्रॉडगेज आहे आणि त्याचे विद्युतीकरणही झाले आहे. विजेवर धावणारे इंजिन डिझेल इंजिनाच्या मानाने शांत असते. गाडीचा वेग वाढला आणि आवाज घटला. अशा वेळी रुळांवरून चालणाऱ्याच्या कानात गाणे वाजत असेल तर त्याच्याजवळ उरते ती केवळ नजर, आणि तीही बहुधा फोनच्या पडद्यावर असते.

अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ ते २०११ या काळातील हेडफोन लावून चालणाऱ्या पादचाऱ्यांच्या ११६ अपघातांचा अभ्यास करून २०१२ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यातील सुमारे ७० टक्के अपघात प्राणघातक ठरले होते. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५५ टक्के अपघातांत धडक रेल्वेची होती. अपघातग्रस्तांपैकी दोन तृतीयांश पुरुष होते आणि दोन तृतीयांश जण तिशीच्या आतले होते. सुमारे २९ टक्के प्रकरणांत धडकेपूर्वी भोंगा वाजविला गेल्याचा उल्लेख आढळला. संशोधकांनी याची दोन कारणे सांगितली. बाहेरचा आवाज झाकला जातो हे एक. दुसरे अधिक सूक्ष्म आहे. आवाज कानावर पडला तरी मन दुसरीकडे गुंतलेले असल्याने त्याचा अर्थ लागत नाही. म्हणूनच 'आवाज बारीक ठेवला होता' हा युक्तिवाद रुळांवर उपयोगाचा नसतो.

रस्त्यावरची स्थिती याहून वेगळी नाही. भात कापणीची यंत्रे, ट्रॅक्टर, वाळूचे ट्रक, भरधाव बस आणि दुचाक्या या सर्वांना येथील एकेरी रस्ते पुरवावे लागतात. २०१९ मध्ये दुरुस्त झालेल्या मोटार वाहन कायद्यातील कलम १८४ मध्ये हातात धरलेल्या संपर्क साधनाचा वापर धोकादायक वाहनचालनात मोडतो. तेथे शब्द 'हातात धरलेले' असा आहे. शिरस्त्राणाच्या आत दोन्ही कान झाकून चाललेल्या तरुणाचे हात मोकळेच असतात.

वादळी पावसात इअरफोन लावल्यास वीज आकर्षित होते, अशी समजूत गावोगावी आढळते. ती खरी नाही. मात्र वीज अंगावर कोसळलीच तर तार व धातू यांच्यामुळे प्रवाहाचा मार्ग बदलू शकतो. कॅनडातील व्हॅंकूवर येथे धावताना वीज पडलेल्या एका व्यक्तीच्या कानाचे पडदे फाटले व जबडा मोडला. इअरफोनच्या तारेच्या रेषेत भाजल्याच्या खुणाही आढळल्या. या प्रकरणाची नोंद २००७ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात झाली. उघड्या शेतात गडगडाट सुरू झाला की आसरा शोधणे हाच खरा उपाय. इअरफोन काढणे त्यानंतरचे.

न दिसणारी इजा

अपघातापेक्षा व्यापक असलेली हानी कानाच्या आत घडते. आतल्या कानातील शंखाच्या आकाराच्या अवयवात सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. ध्वनीच्या लहरींचे विद्युतसंदेशात रूपांतर करण्याचे काम त्या करतात. दीर्घकाळ मोठा आवाज सहन करावा लागला की त्या थकतात आणि पुढे मरतात. माणसाच्या बाबतीत त्या पुन्हा उगवत नाहीत. सुरुवातीला नुकसान होते ते ४ हजार हर्ट्झच्या आसपासच्या उंच स्वरांचे. संभाषण समजण्यास बहुतेक वेळा अडचण येत नाही, म्हणून तरुणाला काही बिघडल्याचे जाणवत नाही. पुढे लग्नमंडपात किंवा बाजारात समोरच्याचे बोलणे ऐकू येते पण नीट कळत नाही, रात्री निजल्यावर कानात बारीक शिट्टी वाजत राहते, अशी लक्षणे दिसू लागतात. २००९ मध्ये अमेरिकन संशोधकांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून असेही दिसून आले की, चाचणीत श्रवणशक्ती पूर्ववत झालेली भासली तरी केसपेशी व मज्जातंतू यांच्यातील जोड कायमचे तुटलेले असू शकतात.

किती आवाज किती वेळ, हा येथे कळीचा मुद्दा आहे. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर केलेल्या मानकानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्यातून ४० तास सुरक्षित मानला जातो. मुलांसाठी ही पातळी ७५ डेसिबल आहे. डेसिबलचे गणित मात्र सरळ बेरजेचे नाही. दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मा होतो. ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला ५ तास. ९५ डेसिबलपर्यंत पोहोचल्यास संपूर्ण आठवड्यासाठी उरतो केवळ सव्वा तास.

हे गणित त्रिभुज प्रदेशातील एखाद्या विद्यार्थ्याच्या दिनक्रमाला लावून पाहता येते. गावाहून कुंभकोणमच्या महाविद्यालयात जाण्यास एक तास आणि परतण्यास एक तास, असे आठवड्यातील सहा दिवस धरले तर प्रवासातच १२ तास होतात. बसमधील इंजिन, उघड्या खिडक्या, भोंगे आणि कित्येकदा चालकाने लावलेली चित्रपटगीते मिळून आतील गोंगाट ८० डेसिबलच्या घरात सहज जातो. त्यावर मात करण्यासाठी इअरफोनचा आवाज आणखी वाढविला जातो. तो ८६ डेसिबलवर गेला तरी आठवड्याची मर्यादा प्रवासातच ओलांडली जाते. रात्री झोपताना पाहिलेले चित्रपट व खेळलेले खेळ या हिशेबात धरलेलेच नाहीत. पंपाशेजारी, ट्रॅक्टरवर किंवा कापणी यंत्रावर काम करणाऱ्या तरुणाचे कान तर आधीच गोंगाटात असतात. कारखान्यांसाठी आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा नियमांत आहे. कारखान्यांचे हे नियम शेतावरच्या यंत्राला लागू होत नाहीत.

येथील दमट हवेमुळे एका वेगळ्या तक्रारीची भर पडते. कानाच्या नळीत घाम व ओलावा कोंडून राहिला की बुरशी वाढते. कालव्यात किंवा तळ्यात पोहून आल्यावर ओल्या कानात लगेच इअरफोन घालणे आणि मित्रामित्रांत एकच जोडी फिरणे यांमुळे ही बाधा वाढते. ती त्रासदायक असली तरी औषधाने बरी होते. केसपेशींबाबत तसे म्हणता येत नाही. ब्लूटूथच्या लहरींनी मेंदूला इजा होते, ही भीतीही वारंवार व्यक्त होते. वास्तविक ब्लूटूथची प्रक्षेपणशक्ती मोबाईल फोनच्या मानाने फारच कमी असते. कानाला धोका आहे तो लहरींचा नव्हे, आवाजाचा.

जागतिक पातळीवर या समस्येचा आवाका मोठा आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात १२ ते ३४ वयोगटातील ६७ कोटी ते १३५ कोटी व्यक्ती असुरक्षित श्रवणसवयींमुळे धोक्याच्या छायेत असल्याचा अंदाज वर्तविण्यात आला. भारतात हा विषय घरोघरी पोहोचला तो जून २०२४ मध्ये, जेव्हा पार्श्वगायिका अलका याज्ञिक यांनी आपल्याला श्रवणदोष झाल्याचे जाहीर केले. विषाणूच्या आघातामुळे तो उद्भवल्याचे निदान झाल्याचे त्यांनी स्वतः सांगितले होते. त्याच निवेदनात त्यांनी मोठा आवाज व हेडफोन यांबाबत तरुणांना सावध केले. बातम्यांच्या प्रवाहात ही दोन विधाने एकत्र मिसळली आणि हेडफोनमुळेच त्यांची श्रवणशक्ती गेली, असा समज पसरला. पापनाशमच्या घटनेतही नेमके हेच झाले होते.

५० डेसिबलचा सल्ला

फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने राज्ये व वैद्यकीय महाविद्यालये यांना पत्र पाठवून इअरफोनच्या अनावश्यक वापराविषयी चिंता व्यक्त केली. आवाज ५० डेसिबलपेक्षा अधिक नसावा व वापर दिवसातून दोन तासांपेक्षा जास्त नसावा, असे त्यात सुचविण्यात आले. सरकारी पातळीवर या प्रश्नाची दखल घेतली गेली, हे स्वागतार्ह आहे. तथापि ५० डेसिबल म्हणजे साध्या संभाषणाहूनही खालची पातळी. धावत्या बसमध्ये त्या पातळीवर काहीच ऐकू येणार नाही. शिवाय बहुसंख्य स्वस्त फोन व इअरफोन आवाज डेसिबलमध्ये दाखवतही नाहीत. पाळता न येणारी मर्यादा सांगितली की ऐकणारा ती मर्यादाच नव्हे, तर संपूर्ण सल्लाच बाजूला ठेवतो. हातभर अंतरावरील माणसाचे बोलणे ऐकू आले पाहिजे आणि आवाजाची पट्टी साठ टक्क्यांच्या पुढे जाऊ नये, ही जुनी सूचना कमी शास्त्रीय दिसते, पण ती कोणालाही पाळता येते.

बाहेरचा गोंगाट शोषून घेणारे नव्या पद्धतीचे इअरफोन हा श्रवणतज्ज्ञांकडून सुचविला जाणारा एक उपाय आहे. गोंगाट कमी झाला की गाण्याचा आवाज वाढविण्याची गरज उरत नाही. कानाच्या दृष्टीने हे बरोबर आहे आणि बसच्या आसनावर ते उपयुक्तही आहे. पण तेच साधन घालून तरुण बसमधून उतरला, रुळांकडे वळला किंवा दुचाकीवर बसला, की भोंगाही शोषला जातो. याउलट सुरक्षिततेसाठी एकच कान मोकळा ठेवण्याचा सल्ला दिला तर दुसऱ्या कानातील आवाज आपोआप वाढविला जातो. 'हेडफोन वापरू नका' किंवा 'चांगला हेडफोन घ्या' असा सरसकट उपदेश त्यामुळे अपुरा पडतो. भेद करायला हवा तो जागेचा. बसलेल्या ठिकाणी कान झाकण्यास हरकत नाही. चालताना आणि वाहन चालवताना दोन्ही कान उघडे असले पाहिजेत. रेल्वेचे भित्तिपत्रक आणि आरोग्य विभागाचे भित्तिपत्रक आज स्वतंत्रपणे निघते आणि एकाला दुसऱ्याची वार्ता नसते.

तपासणीतील पोकळी

तमिळनाडूची सार्वजनिक आरोग्य व्यवस्था देशातील सक्षम व्यवस्थांपैकी एक मानली जाते. जन्मतः कर्णबधिर असलेल्या बालकांवर मुख्यमंत्र्यांच्या विमा योजनेतून कॉक्लियर इम्प्लांटची महागडी शस्त्रक्रिया करण्यात या राज्याने आघाडी घेतली. तंजावर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याने सुरू केलेल्या घरपोच आरोग्यसेवेत रक्तदाब व मधुमेहाच्या रुग्णांना दारात औषध मिळते. केंद्राच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत श्रवणदोषाचाही समावेश आहे. कर्णबधिरता प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम तर २००६-०७ पासून सुरू आहे.

या सर्व योजनांची रचना पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. त्यांचे लक्ष बालकांवर आणि वयस्करांवर आहे. अठराव्या वर्षी शाळेची तपासणी संपते. त्यानंतर ऐकू येईनासे होईपर्यंत कोणी कान तपासत नाही, आणि इअरफोनचा सर्वाधिक वापर होतो तो नेमका याच काळात. कायद्यानेही या तरुणाची गणना होत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल घट असेल तर व्यक्ती 'ऐकण्यास कमी' ठरते आणि ७० डेसिबलच्या पुढे 'बधिर'. ही घट संभाषणाच्या स्वरांवर मोजली जाते. उंच स्वर गमावलेला पंचविशीचा तरुण या व्याख्येच्या जवळपासही येत नाही.

दोनशे वर्षांपूर्वी याच तंजावरात दुसऱ्या सरफोजीराजांनी नेत्ररुग्णांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे काढून घेतली आणि उपचारांच्या नोंदी ठेवविल्या. त्या आजही सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. हा प्रदेश तसा कानाचाही आहे. तिरुवैयारू येथे त्यागराज आराधनेला दरवर्षी कावेरीकाठी गायक-वादक व श्रोते लोटतात. नरसिंगपेट्टैच्या नादस्वरमला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तंजावरच्या वीणेला त्याआधीच मिळाले होते. अशा प्रदेशात तरुणांच्या श्रवणशक्तीची नोंद ठेवणे अवघड नाही. शुद्ध स्वरांची श्रवणचाचणी साधारण अर्ध्या तासाच्या आत होते. महाविद्यालयातील प्रवेशाच्या वेळी एकदा आणि बाहेर पडताना एकदा ती घेतली तरी तीन वर्षांतील घट कागदावर दिसू शकेल. ३ मार्चला जागतिक श्रवणदिनानिमित्त होणाऱ्या शिबिरांचा रोख वृद्धांकडून या वयोगटाकडे वळविला तर त्यासाठी नव्या योजनेचीही गरज भासणार नाही.

सध्या मात्र अनेक तरुणांची प्रौढपणीची पहिली श्रवणतपासणी होते ती भरतीच्या मैदानावर. लष्कराच्या वैद्यकीय तपासणीत उमेदवाराला पाठ फिरवून उभे केले जाते आणि सुमारे सहा मीटर अंतरावरून कुजबुजलेले शब्द प्रत्येक कानाने स्वतंत्रपणे ऐकता आले पाहिजेत, अशी अट असते. कुजबूज ही बहुतांशी उंच स्वरांची असते.